ससेक्सचे क्रिकेट : धर्मन्यायालयापासून काउंटी क्लबपर्यंत

ससेक्स हे नाव आपल्याकडील क्रिकेटप्रेमींना बहुधा रणजितसिंहांमुळे ठाऊक असते. ज्यांच्या नावाने रणजी करंडक खेळला जातो ते रणजी आणि त्यांचे पुतणे दुलीपसिंह, दोघेही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील याच काउंटीकडून खेळत. परंतु रणजी १८९५ मध्ये ससेक्सकडून मैदानात उतरले तेव्हा तिथल्या क्रिकेटची लेखी नोंद पावणेतीनशे वर्षांहून जुनी झाली होती. त्यातील पहिल्या शतकाविषयी जे काही समजते ते खेळाडूंनी वा चाहत्यांनी लिहिलेले नाही. धर्मन्यायालयाचे कारकून, मृत्यूची चौकशी करणारे अधिकारी आणि बड्या घरांच्या खर्चवह्या लिहिणारे कारभारी यांनी आपापल्या कामापुरते जे टिपून ठेवले, त्यातूनच हा इतिहास जुळवावा लागतो.

खेळाचा सर्वांत जुना निश्चित उल्लेख शेजारच्या सरे काउंटीतील आहे. गिल्डफर्ड येथील जमिनीच्या एका वादात १५९८ मध्ये जॉन डेरिक नावाच्या साक्षीदाराने, आपण शाळेत असताना त्या जागेवर क्रिकेट खेळत असू, असे शपथेवर सांगितले. म्हणजे हा काळ साधारण १५५० च्या सुमारास जातो. ससेक्समधील पहिली नोंद १६११ ची आहे. चिचेस्टरजवळच्या सिडल्शॅम गावातील दोघे पुरुष ईस्टरच्या रविवारी चर्चला न जाता क्रिकेट खेळले, म्हणून त्यांना प्रत्येकी १२ पेन्स दंड आणि प्रायश्चित्त झाले. चर्चला गैरहजर राहणाऱ्यास कायद्याने ठरलेला दंडच तेवढा होता, त्यामुळे शिक्षा खेळाची नव्हे, चुकवलेल्या प्रार्थनेची होती हे लक्षात घ्यायला हवे. डेरिकच्या आठवणीत क्रिकेट हा पोरांचा खेळ आहे. सिडल्शॅममध्ये तो मोठ्या माणसांच्या हाती गेलेला दिसतो.

याच परिसरातील बॉक्सग्रोव्ह गावचा १६२२ चा खटला अधिक बोलका आहे. चर्चच्या आवारात रविवारी क्रिकेट खेळणाऱ्या गावकऱ्यांविरुद्ध तक्रार झाली आणि तीत तीन कारणे दिली गेली : हा नियमभंग आहे, चर्चच्या खिडक्यांच्या काचा फुटतात, आणि एखाद्या लहान मुलाचे डोके बॅटच्या तडाख्याने फुटण्याची भीती आहे. काचा आणि पोरांची डोकी ही कारणे गल्लीत क्रिकेट खेळलेल्या कोणालाही ओळखीची वाटतील. विशेष म्हणजे आरोपींना पाठीशी घालणारे म्हणून चर्चच्या माजी कारभाऱ्यांचीही नावे त्या तक्रारीत आहेत. गाव या प्रश्नावर एकमताचे नव्हते.

डोके फुटण्याची भीती पोकळ नव्हती. १६२४ मध्ये हॉर्स्टेड केन्स येथे एडवर्ड टायने मारलेला चेंडू जॅस्पर विनॉल झेलायला धावला. झेल जाऊ नये म्हणून टायने त्याच चेंडूवर पुन्हा बॅट फिरवली आणि ती विनॉलच्या डोक्याला लागली. तो काही दिवसांनी मरण पावला आणि चौकशीत हा मृत्यू अपघाती ठरला. १६४७ मध्ये सेल्सी गावच्या एका माणसाचाही असाच बॅट लागून अंत झाला. १७४४ च्या लिखित नियमांत एकाच चेंडूवर जाणूनबुजून दुसऱ्यांदा बॅट मारणाऱ्यास बाद ठरवले गेले. या नियमामागे विनॉलचेच प्रकरण होते असे म्हणता येत नाही. मात्र असा फटका किती जीवघेणा ठरू शकतो, हे ससेक्सने १२० वर्षे आधीच पाहिले होते.

१६६० मध्ये इंग्लंडमध्ये राजेशाही पुन्हा स्थापन झाल्यानंतर दंडाच्या जागी पैज आली. जुलै १६९७ मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्राने ससेक्समध्ये झालेल्या ‘मोठ्या सामन्या’ची बातमी छापली : प्रत्येक बाजूस ११ खेळाडू आणि ५० गिनींची (गिनी हे त्या काळचे सोन्याचे नाणे) पैज. पहिले ड्यूक ऑफ रिचमंड (ड्यूक हा बड्या सरदाराचा किताब) अरंडेलच्या लोकांशी क्रिकेट खेळले त्या वेळच्या ब्रँडीचे बिल १७०२ च्या पावतीत सापडते. गुडवूडच्या या घराण्यातील दुसरे ड्यूक, चार्ल्स लेनॉक्स, हे ससेक्स क्रिकेटचे खरे आश्रयदाते होत. फर्लचे सर विल्यम गेज हे त्यांचे प्रतिस्पर्धी आणि स्नेही. आदल्याच दिवशी लाजिरवाणा पराभव पत्करलेल्या गेज यांनी १७२५ मध्ये ड्यूकना पत्र लिहून, सामना सोडून बाकी सर्व गोष्टींत आपणास यश मिळो, अशी सदिच्छा कळवली होती.

पैजेत पैसा गुंतला की वाद आलेच, आणि वाद टाळायचे तर कलमे लिहून घेणे भाग असते. १७२७ मध्ये ड्यूक आणि सरेचे ऍलन ब्रॉड्रिक यांच्यात १६ कलमांचा करार झाला : प्रत्येक बाजूस १२ खेळाडू, यष्ट्यांमधील अंतर २३ यार्ड, आणि दोन्ही बाजूंचा एकेक पंच. खेळाविषयी मत व्यक्त करणारा खेळाडू सामन्यातून बाद ठरेल असेही एक कलम होते. त्यातून सूट फक्त दोघांना, ड्यूकना आणि ब्रॉड्रिकना. मैदानावर मात्र दर्जाची अशी उतरंड टिकत नसे. ड्यूकच्या संघातील नावाजलेला खेळाडू थॉमस वेमार्क हा त्यांच्याच तबेल्यातला मोतद्दार होता.

ड्यूकच्याच आश्रयाखाली स्लिंडन या लहानशा गावाचा संघ पुढे आला. १७४१ च्या एका पत्रात ‘बिचारे छोटे स्लिंडन’ जवळजवळ अख्ख्या सरेशी झुंजणार असल्याचे ड्यूकनी अभिमानाने लिहिले, आणि स्लिंडन तो सामना जिंकलेही. या संघाचा आधारस्तंभ रिचर्ड न्यूलँड. ज्यांची पूर्ण धावपत्रके टिकून आहेत अशा सर्वांत जुन्या दोन सामन्यांत, १७४४ च्या, त्याचे नाव आढळते. त्यांपैकी केंटविरुद्धच्या सामन्यात तो इंग्लंडचा कर्णधार होता. १७५० मध्ये ड्यूक वारले आणि ससेक्सच्या क्रिकेटला उतरती कळा लागली. न्यूलँडचा भाचा रिचर्ड नायरेन हॅम्पशायरमधील हॅम्बल्डनला गेला आणि पुढची काही दशके तिथल्या क्लबची ठरली.

ससेक्स पुन्हा चर्चेत आले ते गोलंदाजीमुळे. चेंडू खांद्याखालून टाकण्याची रीत रूढ असताना वीटकाम करणारा विल्यम लिलीव्हाइट आणि जेम ब्रॉडब्रिज हे हात बाजूला उंचावून गोलंदाजी करू लागले. ही पद्धत पारखण्यासाठी १८२७ मध्ये ससेक्स आणि इंग्लंड यांच्यात तीन सामने झाले. पहिले दोन ससेक्सने जिंकले, तेव्हा इंग्लंडच्या ९ खेळाडूंनी, ससेक्सच्या गोलंदाजांनी जुन्या रीतीने चेंडू टाकल्याखेरीज आपण तिसरा सामना खेळणार नाही, असे लेखी कळवले. नंतर ते खेळले आणि जिंकलेही. नियम बनवणाऱ्या मेरिलबोन क्रिकेट क्लबने (एमसीसी) १८२८ मध्ये हात कोपराच्या उंचीपर्यंत आणि १८३५ मध्ये खांद्यापर्यंत नेण्यास मुभा दिली.

या यशाच्या भरात १८३६ मध्ये ब्रायटनला काउंटीच्या सामन्यांसाठी निधी उभा राहिला आणि १ मार्च १८३९ रोजी ससेक्स काउंटी क्रिकेट क्लब स्थापन झाला. आजच्या प्रथम श्रेणी काउंटी क्लबांत तो सर्वांत जुना आहे. काउंटी अजिंक्यपद जिंकायला मात्र त्याला २००३ साल उजाडावे लागले.