बायोस अपडेट केलं की बोर्ड जातो?

‘चालतंय ना, मग बायोसला हात लावू नको, बोर्ड जाईल,’ हे लातूर-नांदेडकडं सर्रास ऐकू येतं. बायोस म्हणजे कॉम्प्युटर चालू करताना सगळ्यात आधी चालणारा, मदरबोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम. हे अर्धंच खरं. बोर्ड जातो तो चिपवर लिहिणं चालू असताना लाईट गेली तर, नाहीतर दुसऱ्याच मॉडेलची फाईल टाकली तर. आपल्याकडं लाईटीचा काय भरवसा, म्हणून यूपीएस हवाच. बोर्डावर छापलेलं मॉडेल ‘रेव्ह १.०’ अशा आवृत्ती क्रमांकासकट वाचा, फाईल कंपनीच्याच साइटवरून घ्या, फॅट३२ प्रकारात फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर टाका. मधेच स्क्रीन काळी झाली तरी बटण दाबू नका, थांबा. आणि उगाच टाळूही नका: इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना जादा व्होल्टेजपासून वाचवणारी २०२४ची दुरुस्ती बायोस अपडेटमधूनच आली.