सगळ्यालाच ‘व्हायरस’ म्हणू नका

‘व्हायरस आलाय, फॉरमॅट मारून द्या,’ असं सांगून दुरुस्तीला मशीन ठेवून जाण्याआधी हे वाचा. काय शिरलंय यावर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं ते ठरतं, आणि फॉरमॅट बहुतेक वेळा घाईचा ठरतो.

झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या पेनड्राइव्हमध्ये सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत, साइज एक-दोन केबी? डेटा सहसा जागेवरच असतो, फक्त लपवलेला. शॉर्टकट उघडला की आधी व्हायरस चालतो, मग तुमचा फोल्डर उघडतो. म्हणून संशय येत नाही. ‘हिडन आयटम्स’वर टिक करूनही फोल्डर दिसले नाहीत, तर त्यांना सिस्टीम फाइलचा शिक्का मारलेला असतो. तो निघतो.

वर्म म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर आपणहून पसरणारा प्रकार; त्याला तुमच्या क्लिकची गरजच नसते. मे 2017 मधला वॉनाक्राय नेटवर्कवरून आपणहून पसरला, फाइलींना कुलूप लावून 300 डॉलरचे बिटकॉइन मागू लागला. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये पॅच, म्हणजे ती फट बुजवणारं अपडेट, दिला होता; तो न टाकलेली मशीनं तावडीत सापडली. विंडोज अपडेट बंद करून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

असं कुलूप लावणारा तो रॅन्समवेअर. फाइलींच्या नावापुढे भलतंच शेपूट दिसलं की आधी लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा, बॅकअपची हार्डडिस्क उपसा. हिशेबाच्या टॅलीचा बॅकअप कायम जोडलेल्या डिस्कवर असेल तर तोही कुलपात जातो. दोन डिस्क आलटून पालटून वापरा, काम झालं की काढून कपाटात. पैसे भरून किल्ली मिळेलच असं नाही. कुलूपबंद फाइली मात्र पुसू नका. काही प्रकारांची किल्ली पुढे फुकट मिळते.

सध्या सगळ्यात महागात पडतो तो ट्रोजन, म्हणजे सोंग घेऊन येणारा. व्हॉट्सॲपवर ‘लग्नपत्रिका.एपीके’ किंवा ‘आरटीओ चलान.एपीके’ येते, ओळखीच्याच नंबरावरून, कारण त्यांचा फोन आधीच ट्रोजनच्या ताब्यात गेलेला असतो. पत्रिका पीडीएफ, फोटो किंवा व्हिडिओ असते. एपीके म्हणजे ॲप. त्याला एसएमएसची परवानगी दिलीत की ओटीपी परस्पर पळतो. टाकलंच असेल तर फ्लाइट मोड लावा, वायफायही बंद आहे ना पाहा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं गोठवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. पासवर्डही दुसऱ्याच मशीनवरून बदला.

आमच्याकडे आणताना स्क्रीनवरच्या संदेशाचा फोटो काढून आणा, आणि शेवटी कुठली फाइल उघडली होती ते खरं सांगा. अर्धा वेळ तिथेच वाचतो.