डेटालॉगरने काय विसरायचं, हे आधी ठरवावं लागतं

माळावर तारेच्या कुंपणात उभा असलेला लोखंडी खांब, त्यावर गरगर फिरणाऱ्या वाट्या, छोटं सोलर पॅनल आणि छातीएवढ्या उंचीवर टांगलेली पांढरी पेटी. स्वयंचलित हवामान केंद्राचं हे दृश्य ग्रामीण महाराष्ट्रात आता नवलाचं राहिलेलं नाही. 'महावेध' प्रकल्पामुळे महसूल मंडळांच्या पातळीवर अशी केंद्रं पोहोचली आणि पीकविम्याच्या वादात त्यांच्या आकड्यांचा हवाला दिला जाऊ लागला. जाणारा-येणारा फिरत्या वाट्यांकडे बघतो. सगळा कारभार मात्र पेटीतल्या डेटालॉगरच्या, म्हणजे सेन्सरांचे आकडे वाचून नोंदवणाऱ्या छोट्या संगणकाच्या हातात असतो.

सेन्सर जे जे सांगतील ते सगळं लॉगर लिहून ठेवतो, असा सर्वसाधारण समज आहे. खरं तर तो त्यातलं बहुतेक सगळं टाकून देतो आणि काय टाकायचं हे प्रोग्राम लिहिणारा माणूस ठरवतो. समजा, आठ सेन्सर आहेत आणि प्रत्येकाचा दर सेकंदाचा आकडा ठेवायचा आहे. एका आकड्याला ४ बाइट धरले तर दिवसाला पावणेतीन मेगाबाइट होतात. क्षेत्रीय संशोधनात वर्षानुवर्षं वापरल्या गेलेल्या सीआर१००० या अमेरिकी बनावटीच्या लॉगरची स्मृती होती ४ मेगाबाइट, म्हणजे दीड दिवसात ती भरली असती. त्याच सेन्सरांची दर दहा मिनिटांना एकच नोंद ठेवली तर तीच जागा ढोबळमानाने दोन वर्षं पुरते. जागा संपली की सर्वांत जुनी नोंद पुसून तिच्यावर नवी लिहायची, अशी सोय बहुतेक लॉगरांत असते. आता मेमरी कार्डं स्वस्त झाली आहेत हे खरं. पण डोंगरात मोबाइलची रेंज आणि पावसाळ्यात बॅटरी अजूनही जपूनच वापरावी लागते.

म्हणून प्रोग्राममध्ये दोन वेगवेगळे कालावधी असतात. एक वाचनाचा: दर किती सेकंदांनी सेन्सरकडे बघायचं. दुसरा नोंदीचा: त्या वाचनांचा सारांश कधी लिहायचा. दोन वाचनांच्या मधल्या वेळात लॉगर झोपतो. तेव्हा तो एक मिलिअँपिअरहूनही कमी वीज घेतो, म्हणून लहानशी १२ व्होल्टची बॅटरी पुरते. नवखा माणूस या दोन कालावधींची सर्रास गल्लत करतो. दहा मिनिटांनी एकदाच वाचन आणि तीच नोंद, असा प्रोग्राम लिहिला तर मातीच्या तापमानाचं काही बिघडत नाही, कारण माती सावकाश तापते. वाऱ्याचं मात्र मातेरं होतं.

सारांश कसला काढायचा, यात खरी मेख आहे. हवेच्या तापमानाची सरासरी घ्यायची, पावसाची बेरीज करायची, वाऱ्याच्या वेगाची सरासरी तर हवीच, शिवाय सर्वांत मोठा झोतही हवा. जागतिक हवामान संघटनेच्या पद्धतीत वाऱ्याचा सरासरी वेग दहा मिनिटांचा असतो आणि झोत तीन सेकंदांचा. केळीची बाग आडवी करतो तो झोत. दहा मिनिटांच्या सरासरीत तो मिसळून जातो.

वाऱ्याची दिशा सगळ्यात फसवी. ती अंशांत मोजतात. उत्तर म्हणजे शून्य आणि पुन्हा उत्तर म्हणजे ३६०. उत्तरेचा वारा थोडा इकडे-तिकडे हलतोय, म्हणून एक वाचन आलं ३५० अंश आणि पुढचं १० अंश. यांची शाळेत शिकवलेली सरासरी १८०, म्हणजे थेट दक्षिण! यंत्र ठणठणीत, आकडेमोड बिनचूक आणि उत्तर नेमकं उलटं. उपाय असा, की प्रत्येक वाचनाचे पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण असे दोन भाग पाडायचे, त्यांची वेगवेगळी सरासरी काढायची आणि त्यातून परत दिशा शोधायची. चांगल्या लॉगरांत यासाठी तयार आज्ञा असते. ती वापरायची हे ठाऊक हवं, एवढंच. मात्र हीच युक्ती वेगावर चालवली तर नवीन घोळ होतो. अर्धा वेळ पूर्वेकडून आणि अर्धा वेळ पश्चिमेकडून सेकंदाला ५ मीटर वेगाने वारा वाहिला, तर या पद्धतीने सरासरी वेग येतो शून्य. हवेतला धूर शेवटी किती दूर गेला हे शोधणाऱ्याला तो शून्य उपयोगाचा. पवनचक्की लावणाऱ्याला साधी सरासरीच हवी. म्हणून जाणकार दोन्ही आकडे ठेवतात.

पावसाकडे वळू. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्याखाली जुळ्या वाट्या असतात. एक भरली की कलंडते, दुसरी तिच्या जागी येते आणि प्रत्येक कलंडण्याला लॉगरकडे एक विजेचा ठोका जातो. बऱ्याच यंत्रांत एक ठोका म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस. वाटी कलंडत असतानाच्या क्षणात पडणारं पाणी हिशेबातून निसटतं. रिमझिमीत हे चालून जातं. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासात १९० मिलिमीटर पाऊस झाला. तशा पावसात अशी वाटी दर पावणेचार सेकंदांनी कलंडेल आणि मोजणी कमी भरेल. म्हणून तीव्रतेप्रमाणे दुरुस्ती करावी लागते. त्यासाठी ठोके थोड्या-थोड्या वेळाने नोंदवलेले हवेत. दिवसाअखेरची एक बेरीज घेऊन दुरुस्ती कशी करणार?

त्या दिवसाचा सांताक्रूझचा प्रसिद्ध आकडा ९४४ मिलिमीटर. चोवीस तासांत वाटला तर ताशी ३९. मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. ३९ आणि २५ यांत फार मोठी दरी दिसत नाही. १९० आणि २५ शेजारी ठेवले की शहर का बुडालं ते कळतं.

याच आकड्यात वेळेचाही एक पेच आहे. भारतीय हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो आणि ज्या सकाळी मोजणी होते त्या तारखेला पाऊस मांडला जातो. म्हणून लोकांच्या तोंडी असलेला २६ जुलैचा पाऊस खात्याच्या दैनिक नोंदीत २७ जुलैच्या नावावर आहे. लॉगरला सांगितलं नाही, तर तो मध्यरात्र ते मध्यरात्र बेरीज करतो. मग शेजारच्या सरकारी पर्जन्यमापकाशी आपला आकडा जुळत नाही आणि दोष विनाकारण यंत्राला मिळतो. सीआर१०००च्या सीआरबेसिक भाषेत यावर इलाज सोपा आहे: १४४० मिनिटांच्या, म्हणजे एका दिवसाच्या कालावधीची सुरुवात ५१० मिनिटांनी पुढे सरकवायची. ५१० मिनिटं म्हणजे साडेआठ तास.

आता थोडं तारांबद्दल. प्लॅटिनमच्या तापमान सेन्सरचा रोध (विजेला होणारा अडथळा; त्यावरूनच तापमान काढतात) शून्य अंशाला १०० ओहम असतो आणि दर अंशाला ०.३९ ओहमच्या आसपास वाढतो. लॉगरपासून २० मीटरवर तो अर्धा चौरस मिलिमीटर छेदाच्या दोन तांब्याच्या तारांनी जोडला, तर जाऊन-येऊन तारांचाच रोध १.४ ओहम होतो. म्हणजे तापमान फुकटात साडेतीन अंशांनी वाढलं! म्हणून चार तारा वापरायच्या: दोन विद्युतप्रवाहासाठी, दोन फक्त व्होल्टेज मोजायला. जवळून विजेची लाइन जात असेल तर तिची गुणगुणही मोजमापात उतरते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. लॉगरने बरोबर तेवढाच वेळ संकेत गोळा केला तर चढ आणि उतार एकमेकांना खाऊन टाकतात. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची. तिकडचा नमुना प्रोग्राम जसाच्या तसा उचलला, की ही सोय बाद होते आणि आकडे उगाच थरथरत राहतात.

जागा वाचवण्याचा मोह कुठे नडतो, त्याचं हवेचा दाब हे ठळक उदाहरण. सीआर१०००मध्ये आकडा ४ ऐवजी २ बाइटमध्ये साठवता येतो, पण ८००च्या वरच्या आकड्यांचा दशांश त्यात गळतो. १००६.४ हेक्टोपास्कलचे १००६ होतात. आपल्या अक्षांशांवर दाब रोज सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला वर चढतो आणि मधे उतरतो. हा चढउतार दोन-तीन हेक्टोपास्कलचाच. दशांश गेला की ती सुरेख लाट ओबडधोबड पायऱ्यांसारखी दिसू लागते.

केंद्राला भेट देण्याचेही काही नियम आहेत. नरसाळ्यात पाला किंवा पक्ष्याची विष्ठा अडकली असेल तर लॉगर निमूट शून्य लिहीत राहतो. तापमानाच्या सेन्सरची तार तुटली तर निदान 'आकडा नाही' अशी खूण उमटते. पर्जन्यमापकात कोरडा दिवस आणि तुंबलेलं नरसाळं यांची नोंद सारखीच दिसते. शेजारी साधा हाती मोजायचा पर्जन्यमापक ठेवण्याची जुनी पद्धत म्हणूनच टिकून आहे. सफाई करताना वाट्या हलतात आणि लख्ख उन्हात पाच-सात मिलिमीटर पाऊस नोंदला जातो. त्यामुळे आधी तार सोडवायची किंवा वहीत वेळ टिपून ठेवायची. पेटीतलं ओल शोषणारं सिलिका जेल बदलायचं, अर्थिंग बघायचं, बॅटरीचं व्होल्टेज तपासायचं. ते व्होल्टेज प्रोग्राममध्येही नोंदवून ठेवलेलं बरं. विचित्र आकडे दिसले की मी आधी तो रकाना उघडतो.

आणि लॅपटॉप जोडल्यावर पहिल्यांदा डेटा उतरवून घ्यायचा. नोंदींच्या रचनेत बदल असलेला प्रोग्राम चढवला, तर अनेक लॉगर आधीच्या नोंदी पुसून टाकतात. उतरवलेल्या फाइलच्या माथ्यावर केंद्राचं नाव, लॉगरचा क्रमांक आणि तेव्हा चालू असलेल्या प्रोग्रामचं नाव असतं. एक्सेलमध्ये अडचण होते म्हणून लोक ह्याच ओळी आधी उडवतात. पाच वर्षांनी दोन फाइलींचे आकडे जुळेनासे झाले, की पहिल्यांदा त्याच ओळींची शोधाशोध सुरू होते.