डब्यावरचे निट्स आणि धंतोलीतले निट्स

सहा आठवडे झाले फोन वापरून. एप्रिलच्या मध्यावर घेतला, आता नवतपा, म्हणजे मेअखेरीचे भाजून काढणारे नऊ दिवस, सुरू आहे. फोनची परीक्षा घ्यायला याहून वाईट दिवस नागपुरात मिळायचे नाहीत. किंमत २४ हजारांच्या आसपास, भाच्यानं घ्यायला लावला. "मामा, पडदा ४५०० निट्सचा आहे जी, भर उन्हात आरशासारखा दिसन," असं तो बर्डीवरच्या दुकानात म्हणाला होता. आरशासारखा दिसला, हे खरं. त्याबद्दल पुढे.

मी एमआर आहे, औषध कंपनीचा प्रतिनिधी. सकाळी दहापासून धंतोली, रामदासपेठ, मग दवा बाजार, संध्याकाळी मेडिकल चौक. डॉक्टरांच्या केबिनबाहेरच्या बाकावर कुठलाही फोन छान दिसतो. माझं फोन बघणं होतं ते हॉस्पिटलच्या गेटबाहेर, गाडी स्टँडवर लावून, तोंडाला दुपट्टा आणि खांद्याला बॅग अशा अवतारात. डॉक्टरभेटींचा कॉल रिपोर्ट टाकायचा असतो, स्टॉकिस्टचा मेसेज बघायचा असतो, पानठेल्यावर कोड स्कॅन करून पाण्याच्या बाटलीचे पैसे द्यायचे असतात. पहिल्या आठवड्यात यातलं काहीच धड दिसेना. तळहाताचा आडोसा केला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, एकदा तर फोन बॅगेत घालून वर डोकं खुपसून ओटीपी वाचला. चार वर्षांच्या जुन्या फोनवरही मी हेच करत होतो. मग ते ४५०० गेले कुठे?

कुठेच गेले नव्हते. डब्यावर लिहिलेला आकडा आणि उन्हात कामाला येणारा आकडा हे दोन निराळे. आडनाव तेवढं एक, निट्स.

निट हे उजळपणा मोजायचं माप. एका चौरस मीटर पृष्ठभागातून एक कँडेला प्रकाश आपल्या दिशेनं येत असेल तर तो एक निट. यात गोम 'चौरस मीटर'मध्ये आहे. हे माप दर क्षेत्रफळाचं आहे, पडद्याचा किती भाग तेवढा उजळला हे त्यातून कळतच नाही. पडद्यावर तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका ४५०० निट्सनं उजळला आणि बाकी सगळं काळं असलं, तरी कंपनी ४५०० लिहू शकते. खोटं काहीच नाही त्यात.

हा झाला पहिला आकडा, 'पीक ब्राइटनेस'. काही कंपन्या त्याला 'लोकल पीक' म्हणतात आणि तो शब्द जास्त प्रामाणिक आहे. तो मुख्यतः एचडीआर व्हिडिओसाठी, म्हणजे उजेड-अंधारातला फरक ठळक दाखवणाऱ्या व्हिडिओसाठी असतो. रात्रीच्या दृश्यात दिव्याची ज्योत, पाण्यावरची उन्हाची तिरीप, आतषबाजीची ठिणगी, एवढ्याच जागा क्षणभर भगभगीत होतात आणि चित्राला जिवंतपणा येतो. घरी रात्री लाइट बंद करून, कुलरसमोर पडून असा व्हिडिओ लावला तेव्हा मला या फोनचं खरंच कौतुक वाटलं. पण तो सुखाचा प्रसंग अंधारातला.

दुसरा आकडा 'हाय ब्राइटनेस मोड'चा, ज्याला फोनवाले एचबीएम म्हणतात. बाहेर ऊन आहे असं फोनच्या सेन्सरला कळलं की अख्खा पडदा जेवढा उजळ होऊ शकतो, तेवढा तो करतो. माझ्या फोनच्या वेबसाइटवर खूप खाली, बारीक अक्षरात, हा आकडा १२०० निघाला. म्हणजे ४५०० चा तिसरा हिस्सासुद्धा धड नाही, चौथ्याच्या थोडा वर. आणि तिसरा एक आहे, आपण बोटानं पट्टी पूर्ण उजवीकडे सरकवतो तेव्हाचा. तो ५००-६०० च्या घरात असतो.

हे तिन्ही आकडे काही कंपन्या उघडपणे देतात. आयफोन १५ च्या माहितीपत्रकात एकाच पडद्यासाठी १००० (नेहमीचा), १६०० (एचडीआर) आणि २००० (बाहेर उन्हात) असे तीन आकडे शेजारी शेजारी आहेत. २०२४ मध्ये आलेल्या रिअलमी जीटी ६टी या फोनची जाहिरात ६००० निट्सची होती, त्याच्याही तपशिलात एचबीएम १६०० आहे. पोस्टरवर कुठला छापायचा हे दुकानदाराला विचारायची गरज नाही.

अख्खा पडदा ४५०० वर का नेत नाहीत? भाच्याचा हाच प्रश्न होता. मी त्याला लग्नाच्या मांडवातला जनरेटर आठव म्हटलं. एकच हॅलोजन लावला तर कसा फकफकीत लागतो, आणि वरात आली म्हणून सगळे लावले की सगळेच पिवळे पडतात. ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाश देतो आणि त्यासाठी वीज खातो. थोडेच ठिपके पेटवायचे असतील तर त्यांना भरपूर वीज देता येते. अख्खा पडदा पांढरा करायचा तर तेवढ्याच विजेत सगळ्यांचं भागवावं लागतं. शिवाय उष्णता. आणि आपण उन्हात काय बघतो? व्हॉट्सॲप, नकाशा, पैसे भरायचं ॲप. सगळे जवळपास पूर्ण पांढरे. पीकला सगळ्यात प्रतिकूल चित्र आपण नेमकं त्याच वेळी लावतो.

इथपर्यंत कळलं तरी माझा प्रश्न सुटला नव्हता, कारण मला १२०० सुद्धा दिसत नव्हते. दोष माझाच निघाला. बॅटरी वाचते म्हणून 'ऑटो ब्राइटनेस' बंद ठेवायची माझी सवय जुन्या फोनपासूनची. ऊन लागलं की पट्टी फुल्ल करायची, झालं. पण हाय ब्राइटनेस मोड बऱ्याच फोनमध्ये ऑटो चालू असेल तरच जागा होतो. बोटानं कितीही रेटा, तो दरवाजा उघडत नाही. भाच्यानं सेटिंग बघितलं आणि कपाळावर हात मारला. "मामा, तुमी तर ऑटोच बंद करून ठेवून राहिले जी!" तीन आठवडे मी भर दुपारी तिसऱ्या आकड्यावर फोन वापरत होतो आणि पहिल्या आकड्याला शिव्या देत होतो.

घरबसल्या खात्री करायची असेल तर ऑटो चालू करा, खोलीत अंधार करा, पडद्यावर पांढरं पान उघडा आणि दुसऱ्या फोनचा टॉर्च समोरच्या कॅमेऱ्याच्या आसपास धरा. प्रकाशाचा सेन्सर सहसा तिथेच असतो. एक-दोन सेकंदात पडदा एकदम भडकतो, पट्टी फुल्ल केल्यावर व्हायचा त्याहूनही. तो तुमचा दुसरा आकडा. उजेड मोजायचं मशीन नसलं तरी डोळ्यांना फरक कळतो. फक्त एक लक्षात घ्या, डोळ्यांचा हिशेब सरळ नसतो. निट्स दुप्पट झाले म्हणून पडदा दुप्पट उजळ वाटत नाही. १२०० आणि १६०० मधल्या फरकासाठी पाच हजार जास्त मोजायला मी तयार होणार नाही. ५०० आणि १२०० मधल्या फरकासाठी होईन.

आता आरशाची गोष्ट.

ऑटो चालू केल्यावर फोन दिसायला लागला, पण काही ठिकाणी तरीही नाही. तोच फोन, तीच वेळ, माझ्यासोबतच्या निळ्या शर्टवाल्या सहकाऱ्याला वाचता येतो, मला येत नाही. मी चष्म्याला दोष दिला. कारण निघालं माझा पांढरा शर्ट. दुपारच्या थेट उन्हाचा प्रकाश साधारण १ लाख लक्स धरतात (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या प्रकाशाचं माप). त्या उन्हात पांढरा कागद आडवा ठेवला तर त्याचा स्वतःचा उजळपणा २५ हजार निट्सच्या आसपास जातो. होय, कागदाचा! जगातला कुठलाही फोन त्या कागदासमोर काजवाच. शर्टावर ऊन तिरपं पडतं, म्हणून निम्मं धरू, १२ हजार. फोनची काच समोरून पडलेल्या प्रकाशाचा ४ टक्के भाग परत फेकते. १२ हजारांचे ४ टक्के म्हणजे जवळजवळ ५०० निट्स. पट्टी फुल्ल करून माझा फोन जेवढा उजळायचा, तेवढीच उजळ माझ्या शर्टाची छबी त्याच्यावर बसत होती. काळी अक्षरं त्या छबीत बुडून जायची आणि मला दिसायचा मी, दुपट्टा बांधलेला.

त्यात मी बर्डीवरून १५० रुपयांची टेम्पर्ड ग्लास लावली होती, फक्त कडांना गोंद असलेली. मध्ये हवेची पातळ फट राहिली की काचेच्या आणखी पृष्ठभागांवरून प्रकाश परततो. ती काढून अख्ख्या पाठीला गोंद असलेली लावली, फरक पडला. प्रायव्हसी ग्लासचं तर नाव काढू नका, ती बाजूनं बघणाऱ्याच्या आधी मालकाचाच उजेड खाते. पोलराइज्ड गॉगल घालत असाल तर फोन आडवा-उभा फिरवून बघा, काही कोनांत पडदा काळाच पडतो. तो बिघाड नाही.

२६ मेच्या सुमारास दुपारी बारानंतर आपल्याकडे सूर्य नेमका डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत फोन आडवा धरला की आकाशच काचेत उतरतं. मी आता उभा धरतो, छातीशी, आणि कामावर राखाडी शर्ट घालतो. बायकोला वाटलं कंपनीनं ड्रेस कोड बदलला.

दुसऱ्या आकड्याचीही एक अट आहे, ती मला गाडीवरच्या होल्डरनं शिकवली. वर्धा रोडवर नकाशा लावून निघालो, पहिली दहा मिनिटं पडदा लख्ख. मग हळूहळू मावळला, ऑटो चालू असूनही. फोन तापला की तो आधी उजेड कमी करतो, कारण उष्णता आणि जास्त उजेड एकत्र आले की ओएलईडीचे सेंद्रिय थर लवकर झिजतात, आणि बॅटरीलाही ते सोसत नाही. ॲपल आपल्या फोनसाठी वापरायचं तापमान ० ते ३५ अंश सांगते. ३५ आपल्याकडे मे महिन्यात सकाळच्या तर्री-पोह्याच्या थोड्याच वेळानंतर उलटतात. शहराचा उच्चांक २३ मे २०१३ चा, ४७.९ अंश. (२०२४ च्या मे अखेरीस एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवले होते, गावभर स्क्रीनशॉट फिरले. सेन्सर नीट चालत नव्हता असं नंतर हवामान खात्यानंच सांगितलं. त्या दिवसापासून मोठा आकडा दिसला की मी आधी तो कुठे मोजला हे विचारतो, फोनच्या बाबतीत मात्र विसरलो.) म्हणून एचबीएमचा आकडाही थंड फोनचा समजावा. आता फोन खिशात ठेवतो, आवाजावर नकाशा ऐकतो. सिग्नलवर सावलीसाठी बांधलेल्या हिरव्या जाळीखाली थांबलो की बाहेर काढतो. सावलीत ऊन पाचपट-दहापट उतरतं, तिथे ६०० निट्सही पुरतात.

बाकी फोन ठीक. बॅटरी रात्री नऊपर्यंत जाते, एचबीएम जास्त लागला त्या दिवशी सातपर्यंत. कॅमेरा दिवसा छान, रात्री फुटाळा तलावावर काढलेले फोटो भाच्यानंच डिलीट केले. स्पीकर मोठा आहे, गरज नसताना.

परवा ताईसाठी फोन बघायला पुन्हा त्याच दुकानात गेलो. पोस्टरवर यावेळी आणखी मोठा आकडा होता. मी विक्रेत्याला म्हटलं, हा उन्हात नेऊन दाखव. तो हसला. डेमोचा फोन चोरीला जाऊ नये म्हणून टेबलाला तारेनं बांधलेला असतो, आणि ती तार दारापासून दोन फूट अलीकडेच संपली. बाहेर ऊन रटरटत होतं, फोन आत एसीत.

"काय पाहून राहिले जी काका?" त्यानं विचारलं.

मी ऑटो चालू केलं, माझ्या फोनचा टॉर्च लावला आणि डेमोच्या कपाळावर धरला.