आंग बुढ्याचं, तोंड पोट्ट्याचं: जुने घड्याळ घेताना

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाजवळच्या आठवडी बाजारात, कुलपे आणि जुन्या टॉर्चच्या पथारीवर, चावीची हातघड्याळे अजूनही विकायला येतात आणि त्यांत बहुतेक एचएमटीची असतात. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला सुरू झालेल्या या सरकारी कारखान्याची घड्याळे पुढे खेडोपाडी पोचली. लग्नात जावयाला सायकल आणि घड्याळ देण्याची रीत होती तेव्हा कापसाच्या चुकाऱ्यातून एचएमटीचे ‘जनता’ मॉडेल घेतले जाई. २०१६ साली केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला, शौकिनांची मागणी वाढली, आणि जुन्या मशीनवर ताजी रंगवलेली तबकडी चढवून विकण्याचा धंदाही फोफावला. मी स्वतः त्यात फसलो आहे. एचएमटीच्याच ‘पायलट’ मॉडेलचे, निळ्याशार तबकडीचे एक घड्याळ हौसेने घेतले आणि एसटी स्टँडजवळच्या टपरीतल्या घड्याळवाल्या काकांना दाखवले, तेव्हा त्यांनी डोळ्याचे भिंगही न काढता निकाल दिला: “भाऊ, आंग बुढ्याचं अन् तोंड पोट्ट्याचं.”

जुन्या घड्याळाची पारख या वाक्यात जवळजवळ पूर्ण येते. तबकडी, काटे, केस (म्हणजे घड्याळाचे बाहेरचे धातूचे कवच) आणि मशीन एकाच मनगटावर, त्याच उन्हात आणि घामात म्हातारी झालेली असतील, तर त्यांच्या म्हातारपणात मेळ असतो. जिथे मेळ बसत नाही, तिथे भाग बदललेला असण्याची शक्यता मोठी. चमक ही खरेदीदाराला आवडते, पण माझ्या मते संशय घ्यायचा तो आधी चमकेवरच.

सुरुवात तबकडीपासून करावी. तबकडीच्या रंगावर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, पातळ थर असतो, आणि सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी तो वर्षानुवर्षे पिवळसर पडत जातो. कडेने ओल शिरते, म्हणून डागही बहुधा कडेकडून मध्याकडे सरकलेले दिसतात. दहापट भिंगातून पाहिल्यास कारखान्यातली छपाई धारदार असते, तर हाताने किंवा स्क्रीन प्रिंटिंगने पुन्हा छापलेल्या अक्षरांच्या कडा पसरट दिसतात, आणि मिनिटांच्या रेघा बाराजवळ नीट जुळत नाहीत. माझ्या निळ्या ‘पायलट’वर एकोणसाठावी आणि साठावी रेघ जवळजवळ चिकटलेल्या होत्या, आणि मला त्या भर बाजारात दिसल्या नव्हत्या.

अंधारात चमकणाऱ्या काट्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. वेस्ट एंड किंवा फेवर-ल्यूबासारख्या, मुंबईमार्गे आलेल्या जुन्या स्विस घड्याळांत कधीकधी रेडियम या किरणोत्सर्गी धातूचा लेप सापडतो. रेडियममधून निघणारे कण झिंक सल्फाइडच्या स्फटिकांवर आदळले की प्रकाश पडतो, परंतु त्याच माऱ्याने ते स्फटिक काही दशकांत निकामी होतात. रेडियमचा अर्धायुकाल, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा काळ, मात्र सुमारे १६०० वर्षांचा आहे, त्यामुळे लेप विझला तरी किरणोत्सर्ग संपलेला नसतो; असा लेप नखाने खरवडणे किंवा त्याची पूड फुंकणे कटाक्षाने टाळावे. घड्याळ वर्षानुवर्षे बंद पडून राहिले असेल, तर काट्यांच्या खाली तबकडीवर त्यांच्याच आकाराची तपकिरी सावली उमटते. आता ही सावली जाड काट्यांची असेल आणि वर बसवलेले काटे बारीक व बिनलेपाचे असतील, तर काटे नंतरचे आहेत, हे विकणाऱ्याला विचारण्याचीही गरज उरत नाही. १९६० च्या दशकात रेडियमची जागा बऱ्याच अंशी ट्रिटियमने, म्हणजे हायड्रोजनच्या किरणोत्सर्गी रूपाने, घेतली. त्याचा अर्धायुकाल १२.३ वर्षे आहे, म्हणजे पन्नास वर्षांनी त्यातले जेमतेम ६ टक्के उरते. नोटा तपासायच्या जांभळ्या बत्तीखाली लेप धरून बत्ती विझवावी: जुना लेप एकदम किंवा लवकरच मंदावतो, आणि बराच वेळ हिरवा उजेड देत राहणारा लेप बहुधा १९९० च्या दशकानंतरचा असतो.

केसच्या बाबतीत आपल्याकडचा उन्हाळा चांगला साक्षीदार ठरतो. स्वस्त घड्याळांची केस पितळेची आणि वर क्रोमचा मुलामा असे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, शेतात राबणाऱ्या मनगटाचा खारा घाम मुलाम्याच्या सूक्ष्म भोकांतून पितळेपर्यंत पोचतो आणि तिथे हिरवट गंज धरतो. स्टीलच्या पाठीला, म्हणजे मागच्या झाकणाला, लागून असलेले पितळ तर अधिकच झिजते, कारण दोन वेगळे धातू आणि मधले खारे पाणी मिळून एक बारीकसा विद्युतघट तयार होतो. म्हणून पट्टा अडकवायच्या कानांच्या आतल्या बाजूला आणि पाठीच्या कडेला नख फिरवून पाहावे. तिथे खड्डे असूनही वरचा भाग आरशासारखा असेल, आणि कानांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या असतील, तर घासून पुन्हा मुलामा चढवलेला आहे असे समजावे.

चालू असलेले प्रत्येक घड्याळ धडधाकट असतेच असे नाही. त्या काळच्या अनेक चावीच्या घड्याळांत तासाला १८,००० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला पाच. पूर्ण चावी दिल्यावर, घड्याळ आडवे ठेवून, बॅलन्स चाक (मागेपुढे झोके घेऊन वेळ राखणारे चाक) मध्यापासून एका बाजूला सुमारे २७० ते ३०० अंश फिरले पाहिजे. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये चाकाच्या आऱ्यांवर नजर ठेवली की याचा अंदाज येतो. झोका २०० अंशांच्याही खाली गेला असेल, तर तेल सुकले आहे किंवा काहीतरी घासत आहे. घड्याळ दिवसाला काही मिनिटे पुढे पळत असेल, तर मात्र हेअरस्प्रिंग (त्या चाकाची केसासारखी बारीक वेटोळ्यांची स्प्रिंग) चुंबकित झाली असल्याची शंका घ्यावी. तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी घटते आणि झोके जलद होतात. हा दोष चुंबकत्व काढून टाकणाऱ्या साध्या यंत्राने क्षणात जातो, म्हणून तेवढ्यावरून घड्याळ नाकारू नये.

पाठ उघडायला विकणारा तयार नसेल, तर मी पुढे बोलणी करत नाही. उघडल्यावर आधी स्क्रू पाहावेत: खाचा ओरबाडलेल्या असतील, तर अननुभवी हात आत फिरला आहे. मग ज्वेल, म्हणजे चाकांची टोके ज्यांत फिरतात ते कृत्रिम माणकाचे लाल खडे. चाकांच्या पोलादी टोकांना तेल मिळेनासे झाले की झिजलेल्या लोखंडाची गंजलेली पूड त्या खड्यांभोवती तांबूस कड्यासारखी जमते, आणि घड्याळ ठणठणीत टिकटिकत असतानाही ते कडे झिजेची बातमी देत असते.

बाबांची ‘जनता’ मी त्याच टपरीत उघडून घेतली. पाठीच्या आतल्या बाजूला घड्याळवाल्यांनी सुईने ओरखडलेल्या तीन तारखा होत्या, त्यांतली शेवटची १९९४ ची. तबकडी सायीसारखी पिवळी होती, काटेही त्याच वयाचे, आणि सेकंदाचा काटा फिरवणाऱ्या चाकाच्या खड्याभोवती तांबूस कडे स्पष्ट दिसत होते. काकांनी मशीन धुऊन नवे तेल द्यायला चार दिवस मागितले, आणि तबकडीला मात्र हात लावू दिला नाही.