आधी आवाज, मग हात

मे महिन्याच्या सुट्टीत रंकाळ्याजवळच्या मैदानावर पोरांचं शिबिर असतं, तिथं माझा भाचा जातो. वय ८, ऑटिझम आहे, पळायला एक नंबर. पण खो-खोत बसवला की दोन मिनिटांत कान दाबून बाहेर. सर म्हणाले, "त्याला खेळायचंच नाही, बसू दे तिकडं." मलाही दोन दिवस तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग नीट बघितलं तर घोळ खेळात नव्हताच, खो मध्ये होता. तुम्ही मधल्या पाटीवर बसलाय, तोंड दुसरीकडं, आणि मागून पाठीवर थाप पडते, कधी पडणार पत्ता नाही!

आपल्या आपण गुदगुल्या होत नाहीत ना, त्याचं कारण इथं कामाला येतं. १९९८ साली लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी मेंदूचे स्कॅन काढून दाखवलं की स्वतःच्या हाताचा स्पर्श येणार हे मेंदूला आधीच कळलेलं असतं, त्यात लहान मेंदूचा वाटा असतो, म्हणून तो स्पर्श फिका जाणवतो. अचानक आलेल्या हाताला ही सूट नाही. त्यात ऑटिझमच्या बऱ्याच पोरांना स्पर्श, आवाज, उजेड जास्तच टोचतात (काहींना उलट, फारच कमी जाणवतात), आणि २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांचं निदान ज्यावरून करतात ते अमेरिकन पुस्तक) हे निदानाच्या लक्षणांतच घेतलंय, म्हणजे पोरगं नाटक करत नाही.

मग नियम सगळ्यांसाठीच बदलला, एकट्यासाठी नाही. आधी मोठ्यानं "खो", मग खांद्यावर घट्ट हात, कारण ओझरता स्पर्श बऱ्याच पोरांना जास्त खुपतो. शिट्टीऐवजी लाल रुमाल. आज काय काय खेळायचं त्याची चित्रं एका पुठ्ठ्यावर, खेळ संपला की चित्र उलटं करायचं, आणि हे काम भाच्याकडंच. पुठ्ठा बाकीच्यांनाही आवडला, विशेषतः "आता काय, आता काय" करून डोकं खाणाऱ्या एकाला, त्याला एडीएचडी आहे (लक्ष एका जागी टिकत नाही, स्वस्थ बसवत नाही) आणि नुसतं बसून वाट बघणं त्याच्या जिवावर येतं, म्हणून गुण लिहायला तो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम १६ आहे, शाळांनी खेळाची आणि करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीनं द्यावी म्हणून. चांगलंय, पण कलम दाखवून कोण खो देत नाही.

परवा भाच्याला खो मिळाला. उठला, सुसाट सुटला आणि मधेच दिशा बदलली, फाऊल. सगळी पोरं एकदम ओरडली, ह्याचे हात कानावर गेले, मी उठलोच होतो. पण तो तसाच, कान दाबून, परत आपल्या जागेवर जाऊन बसला.