विहिरीत पावडर किती आणि का? कृष्णाकाठच्या पावसाळी पाण्याची पार्श्वभूमी

मृगाचा पाऊस सुरू झाला की सातारा-सांगलीच्या ग्रामपंचायतींत टीसीएलची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरची, पोती मोजली जातात, गावाचं पाणी सांभाळणाऱ्या जलसुरक्षकाला क्लोरीन तपासायचं ओटीचं किट दिलं जातं आणि दवंडीऐवजी आता घंटागाडीच्या भोंग्यावरून ‘पाणी उकळून, गाळून प्या’ असं ऐकू येतं. यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या साथीनंतर आली. पावडर लवकर आली, ती मोजायची सवय मात्र फार उशिरा. आजही बिघडतं ते बहुतेक वेळा या मोजण्यातच.

कॉलरा म्हणजे पटकी. १८१७ मध्ये बंगालात उसळलेली ही साथ पुढच्याच वर्षी, पेशवाई बुडाली त्या १८१८ मध्ये, दख्खनेत पोचली. रोग पाण्यातून येतो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, विलायतेतही नाही. इकडे मरीआईचा गाडा सजवून शिवेबाहेर नेत, म्हणजे पुढच्या गावाच्या हद्दीत. लोकांनी रोगाची दिशा बरोबर ओळखली होती, वाहन तेवढं चुकलं. लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये एका हातपंपाभोवतीचे मृत्यू नकाशावर मांडून पाण्याकडे बोट दाखवलं. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्याच्या तळ्यातल्या पाण्यात पटकीचा जंतू दाखवला.

साताऱ्याच्या बाबतीत वारीची वाट महत्त्वाची. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी जाते आणि हे सगळं पहिल्या पावसाच्या सुमाराला घडतं. एका मुक्कामी एका रात्रीत गावाच्या कित्येक पट माणसं. म्हणून या वाटेवरच्या विहिरी, बोअर आणि टँकर भरायच्या जागा पालखीआधी तपासण्याची पद्धत पडली.

विहिरीत औषध टाकायची सुरुवात मात्र टीसीएलने झाली नाही. १८९० च्या दशकात आग्र्याला काम करणाऱ्या हॅन्किन यांनी विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकायची पद्धत रूढ केली. पाणी गुलाबी व्हायचं आणि दवा पडली हे सगळ्या गावाला दिसायचं. ती मागे पडली, कारण तिची जंतू मारण्याची ताकद बेताची आणि पाण्याला रंग-चव राहते. ब्लीचिंग पावडर त्याआधीच होती, १७९९ पासून, पण कापड पांढरं करायला. अमेरिकेत शहराच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन कायमचं सोडणं १९०८ मध्ये जर्सी सिटीने सुरू केलं, आणि मग ते जगभर पसरलं. उष्ण हवेत साधी पावडर लवकर मरते, म्हणून चुना वाढवून टिकाऊ केलेली जात आली. ती ‘ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम’, म्हणजेच आपली टीसीएल.

‘गाळून प्या’ हे वाक्य पटकीचं नव्हे, नारूचं, म्हणजे पायातून बाहेर पडणाऱ्या लांब जंताच्या रोगाचं आहे. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस पाय बुडवून पाणी भरायचा, त्याच्या पायातल्या जखमेतून नारूच्या अळ्या पाण्यात सुटायच्या, त्या बारीक पाणपिसवा गिळायच्या आणि पाणी पिणाऱ्याच्या पोटात हा सगळा संसार जायचा. पाणपिसू दुहेरी फडक्यात अडकते, म्हणून गाळणं नेमकं लागू पडत होतं. १९८० च्या दशकातल्या मोहिमेत पायऱ्या बंद करून कठडे बांधले गेले, पाण्यात पाणपिसवा मारणारं अबेट टाकलं गेलं. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला, २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. फडकं मात्र सल्ल्यात राहून गेलं. पटकीचा किंवा काविळीचा जंतू फडक्यातून आरामात जातो. तरीही गाळणं वाया जात नाही, कारण गाळ कमी झाला की क्लोरीन नीट काम करतं.

आता हिशेब. ताज्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतं. हजार लिटरला ५ ग्रॅम टाकली की लिटरमागे १.६५ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतं. त्यातलं काही गाळ आणि जंतू खातात, आणि तासाभराने निदान ०.५ पीपीएम (म्हणजे लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम) मोकळं उरायला हवं. गावाच्या शेवटच्या नळाला ०.२. विहिरीतलं पाणी काढायचं तर व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४, भागिले ४. हे घनमीटर झाले, त्याला हजाराने गुणलं की लिटर. चार मीटर व्यास, पाच मीटर पाणी म्हणजे ६२,८०० लिटर, पावडर ३१४ ग्रॅम. पावसाळ्यात तीच विहीर आठ मीटरवर गेली की एक लाख लिटर, पावडर अर्धा किलो. उन्हाळ्यात ठरलेलं माप भिंतीवर लिहून ठेवलेलं असतं आणि जुलैतही तेच पडतं. निम्म्या चुका इथेच होतात.

उरलेल्या चुका पोत्यात. तोंड उघडं राहिलं, ओल लागली की क्लोरीन उडून जातं आणि चुना उरतो. दिसायला पावडर तशीच पांढरी. २० टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरायची नाही, आणि टक्केवारी डोळ्याने कळत नाही, नमुना आरोग्य विभागाच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. पोतं जमिनीवर नको, फळीवर ठेवा, तेही अंधाऱ्या कोरड्या खोलीत.

थेट विहिरीत पावडर भिरकावणं ही आणखी एक जुनी खोड. गुठळ्या तळाला जाऊन बसतात. एका बादलीला १०० ग्रॅमहून जास्त पावडर घेऊ नये. आधी थोड्या पाण्यात लगदा करावा, मग बादली पाऊण भरून ढवळावी, दहा मिनिटं चुना खाली बसू द्यावा. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन, ती दोराने पाण्यात खाली सोडून वर-खाली हलवत रिकामी करावी. चुन्याचा साका विहिरीत टाकायचा नाही. मग तासभर कुणी पाणी भरायचं नाही. सकाळी सहाला पाणी सुटत असेल तर पावडर पाचच्या आत पडायला हवी. साडेपाचला टाकली तर कागदोपत्री शुद्धीकरण झालं, पाण्याचं नाही.

ओटी चाचणीने हे सगळं पकडता येतं. नळी पाण्याने भरून ऑर्थोटोलिडिनचे ठरलेले थेंब टाकले की पिवळा रंग येतो. पहिल्या दहा सेकंदांत आलेला रंग मोकळ्या क्लोरीनचा, तोच वाचायचा. पाच मिनिटांनी गडद झालेला रंग बघून ‘भरपूर आहे’ म्हणणं फसवं, कारण त्यात घाणीशी बांधलं गेलेलं क्लोरीनही येतं. चाचणी टाकीखाली नको, शेवटच्या नळावर घ्यावी. तपासलेलं पाणी आणि हात दोन्ही नीट ओतून-धुऊन टाका, ते रसायन अंगाला बरं नव्हे. गावाला मिळणारं हिरवं, पिवळं, लाल कार्ड याच्याच जोडीचं. स्रोताभोवतीची गटारं, गळती, टीसीएलचा साठा असं पावसाळ्याआधी आणि नंतर पाहून ते दिलं जातं.

पूर आला की मात्र हे गणित मोडतं. वर महाबळेश्वरला कोसळलेला पाऊस कराडला कोयना पोटात घेत सांगलीत येतो, आणि सांगलीच्या जरा खाली हरिपूरला वारणाही येऊन मिळते. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २००५ आणि २०२१ चे पूरही धोक्याच्या बऱ्याच वर. अशा गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होतं. काविळीचे विषाणू तर त्याहून चिवट. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेचं सांडपाणी मिसळलेलं पाणी शुद्धीकरण केंद्रात शिरलं, क्लोरीन वाढवलं गेलं, टायफॉइड-हगवणीची साथ आली नाही, पण सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती कावीळ पुढे हिपॅटायटिस ई म्हणून ओळखली गेली. गरोदर बाईला ती जिवावरची ठरू शकते. म्हणून पुराच्या दिवसांत गाळ खाली बसवा, वरचं पाणी गाळा आणि खळखळ उकळा, नुसत्या क्लोरीनच्या थेंबांवर भागवू नका.

नदीकाठच्या मळीतल्या बुडालेल्या विहिरीचा उपसा पूर ओसरताच करू नये. भोवतीची जमीन पाण्याने तट्ट असते, आतलं पाणी गेलं की कडा ढासळतात. जमिनीतलं पाणी उतरू द्यावं, मग उपसा करून गाळ काढावा, हजार लिटरला सुमारे १५० ग्रॅम टीसीएलचा जड डोस देऊन निदान १२ तास ठेवावा. ते पाणी वास जाईपर्यंत उपसून टाकायचं आणि मग नेहमीचा डोस.

आजारही एकदम येत नाहीत. जुलाब-उलट्या काही तासांपासून पाच दिवसांत. लेप्टो, म्हणजे चिखलातल्या उंदरा-जनावरांच्या मुताचा ताप, साधारण आठवडा-दोन आठवड्यांत, तोही पायाला भेगा असणाऱ्यांना आधी. टायफॉइड एक ते तीन आठवड्यांत. कावीळ दोन ते आठ आठवड्यांनी, म्हणजे ऑगस्टच्या पुराची कावीळ गणपती-दसऱ्यात निघते, तेव्हा पूर कुणाच्या ध्यानातही नसतो. पोटऱ्या दुखत असतील आणि डोळे लाल असतील तर तापाची गोळी खाऊन घरी बसू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘पुराच्या पाण्यात उतरलो होतो’ हे आपणहून सांगावं, डॉक्टर त्यावरूनच औषध ठरवतात.

जुलाबात जीव जातो तो अंगातलं पाणी संपून. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपल्यावर मीठ-साखरेचं पाणी पाजून हे सिद्ध केलं, मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. ओआरएसचं (क्षार-साखरेच्या पुडीचं) पाकीट मिळालं तर तेच घ्या. नाहीतर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ सढळ हाताने घातलं तर लहान मुलाला त्याचाच अपाय होतो. तयार पाणी २४ तासांनी ओतून द्यायचं, आणि दर जुलाबानंतर घोटघोट पाजत राहायचं, उलटी झाली तरी दहा मिनिटं थांबून पुन्हा.